आयबी होती ना, मग १९६८ ला रॉ वेगळी का काढली?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार मंडळी, विषय जरा मोठा आहे पण घरात तीन दिवस यावरूनच चाललंय म्हणून इथे विचारतेय. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात असतो, दिवाळीला आला आणि म्हणाला मावशी मला रॉ मध्ये, म्हणजे परदेशाची हेरगिरी करणाऱ्या आपल्या खात्यात, जायचंय. म्हटलं जा की, चांगलंच आहे. मग हळूच कळलं की तिकडे एका क्लासने खास रॉ साठी म्हणून बॅच काढलीय, फी पंचेचाळीस हजार, त्यातली निम्मी याने भरूनही टाकलीय. विचारलं अरे रॉ सुरू कधी झाली, कुणी केली, तिथली माणसं दिवसभर करतात काय, तर त्याला सिनेमातलं सगळं पाठ आणि यातलं एकही सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही येत नव्हतं.

सासरे पोस्टातून रिटायर झालेत, वय ८१, त्यांचं म्हणणं असं की आयबी, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरो हे गुप्तचर खातं, इंग्रजांच्या काळापासून होती, बाहेरदेशीचं कामही तीच बघायची, इंदिरा गांधींनी ती फोडली ती स्वतःच्या हाताखाली एक वेगळं खातं हवं म्हणून. नवरा म्हणतो तसं अजिबात नाही, ६२ ला चीनच्या आणि ६५ ला पाकिस्तानच्या युद्धाआधी आपल्याला काही कळलंच नव्हतं म्हणून काढावी लागली. दोघंही आपापल्या जागी ठाम. जेवताना पण तेच.

तर कुणी नीट सांगेल का, नेमकं काय झालं होतं? आणि हे खातं उत्तर कुणाला देतं, संसदेला देतं का? भाच्याला वाचून दाखवणार आहे, त्यामुळे मोठं लिहिलंत तरी चालेल.

जुनी_पानं

मृण्मयीताई, तुमच्या सासऱ्यांचं निम्मं बरोबर आणि तुमच्या मिस्टरांचंही निम्मं बरोबर, पण त्याच्याही आधीपासून सुरुवात करायला लागेल, कारण आयबी मुळात कशासाठी काढली होती ते बघितल्याशिवाय रॉ का लागली ते कळत नाही.

१८८७ साली सिमल्याला इंग्रजांनी सेंट्रल स्पेशल ब्रँच नावाचा छोटा विभाग काढला, ती आयबीची सुरुवात. १९०४ ला त्याचं डिपार्टमेंट ऑफ क्रिमिनल इंटेलिजन्स झालं आणि १९२० ला इंटेलिजन्स ब्युरो हे नाव पडलं. यांचं मुख्य काम काय, तर आपल्याच माणसांवर नजर ठेवणं. टिळकांच्या हालचाली, भाषणं, भेटीगाठी हे सगळं यांच्या आठवड्याच्या रिपोर्टात वर जायचं. परदेशातही तेच. १ जुलै १९०९ ला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायली या इंग्रज अधिकाऱ्याला गोळ्या घातल्या, सावरकर आणि इंडिया हाऊसची मंडळी तिथे होतीच, तर या लोकांवर पाळत ठेवायला इंग्रजांनी लंडनला माणूस नेला तो मुंबईच्या पोलीस खात्यातून. जॉन वॉलिंजर त्याचं नाव. त्याच्यापासून पुढे इंडियन पोलिटिकल इंटेलिजन्स नावाचं ऑफिसच उभं राहिलं. म्हणजे हिंदुस्थानच्या नावाने परदेशात जी हेरगिरी चालायची ती हिंदुस्थानी पोरांच्याच मागावर, हे वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं.

४७ ला आपल्या हातात आली ती ही अशी, पोलिसी वळणाची आयबी. संपात कोण आहे, दंगल कुठे पेटेल, यात तरबेज. पण रावळपिंडीत किंवा ल्हासात काय शिजतंय ते कळायला जी माणसं लागतात, ज्या भाषा लागतात, वर्षानुवर्षं जपलेल्या ओळखी लागतात, ते फार थोडं होतं. भोलानाथ मलिक १९५० ते १९६४ डायरेक्टर होते, नेहरूंचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा, त्यामुळे देशातलं आणि देशाबाहेरचं सगळं एकाच माणसाच्या टेबलावर. ६२ ला काय झालं ते वेगळं सांगायला नको. कृष्ण मेनन गेले, आपले यशवंतराव मुंबई सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला हे आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलंय. धडा घेतला नाही असंही नाही. ६३ मध्ये एव्हिएशन रिसर्च सेंटर निघालं, विमानातून सरहद्दीपलीकडचे फोटो वगैरे घ्यायला, ओडिशात चारबतियाला त्याचा तळ, आणि त्याचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव. हे नाव लक्षात ठेवा.

पण तीन वर्षांत ६५ आलं आणि पाकिस्तानने काश्मिरात हजारो घुसखोर सोडले, ऑपरेशन जिब्राल्टर. आता एवढी माणसं महिनोन्महिने ट्रेनिंग घेऊन सरहद्द ओलांडून आत आली आणि ५ ऑगस्टला खबर दिली कुणी, तर तंगमर्गकडच्या मोहम्मद दीन नावाच्या गुज्जर गुराख्याने. त्याला रानात अनोळखी माणसं भेटली, पैसे देऊ करून माहिती विचारायला लागली, हा गडी सरळ पोलिसांकडे गेला. त्याची हुशारी आणि इमान याला तोड नाही. पण एवढ्या मोठ्या देशाला युद्धाची खबर गुरं राखणाऱ्या माणसाकडून मिळावी! लढाई संपल्यावर लष्करप्रमुख जनरल जयंतनाथ चौधरींनी बोलून दाखवलं की आयबीकडून आम्हाला कामाची नेमकी माहिती मिळालीच नाही.

मग २१ सप्टेंबर १९६८ ला आयबीचा परदेशाचा विभाग तोडून वेगळा केला, नाव रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस विंग, प्रमुख काव, त्यांच्या जोडीला शंकरन नायर. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास माणसं आणि वर्षाला २ कोटी रुपये असा आकडा सगळीकडे दिला जातो. आता सासऱ्यांच्या मुद्द्याकडे येतो. आयबी होती गृहखात्याखाली, आणि तेव्हा गृहमंत्री कोण तर पुन्हा यशवंतरावच. रॉ मात्र ठेवली कॅबिनेट सेक्रेटरिएटमध्ये, म्हणजे थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. तेव्हा स्वतःच्या हातात ठेवायला काढली हे खोटं नाही. पण नुसती हौस असती तर आयबीच गृहखात्यातून उचलून आपल्याकडे घेता आली असती. परदेशाचं काम हे वेगळ्या जातीच्या माणसांचं काम आहे हे मान्य केलं, बदल झाला तो इथे. नावातला रिसर्च हा शब्द लोक सोडून देतात, पण सगळं त्या शब्दातच आहे. खबर आणणारा एक असतो आणि ती दहा जुन्या खबरींशी ताडून बघणारे मागे बसलेले पाच असतात.

कालिना_कॉलनी

काव यांचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. माझे वडील एअर इंडियात मेंटेनन्सला होते, ५५ सालची काश्मीर प्रिन्सेसची गोष्ट आम्ही त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलीय की पाठ आहे, नंतर मी ती पुस्तकांशी ताडून पण बघितली.

एप्रिल १९५५, इंडोनेशियात बांडुंगला आशिया आफ्रिकेतल्या देशांची परिषद होती. चीनने आपलं एअर इंडियाचं विमान भाड्याने घेतलं, लॉकहीड कॉन्स्टेलेशन, काश्मीर प्रिन्सेस. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय या विमानाने जाणार अशी बोलवा होती पण त्यांनी बेत बदलला. ११ तारखेला हाँगकाँगहून निघालं, पाचेक तासांनी समुद्रावर असताना स्फोट झाला, पंखाला आग. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार, आपला मराठी माणूस, त्यांनी तशा अवस्थेत विमान नातुना बेटांजवळ समुद्रावर उतरवायचा प्रयत्न केला. १९ जण होते, १६ गेले. वाचले तिघं, दीक्षित, पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर अनंत श्रीधर कर्णिक. जटारांना आणि एअर होस्टेस ग्लोरिया बेरींना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. वडील कर्णिकांचं नाव घ्यायचे तेव्हा आवाज बदलायचा त्यांचा, कारण कर्णिक त्यांच्याच खात्यातले.

आता काव. विमान आपलं, मेलेले प्रवासी बहुतेक चिनी, बाँब लागला ब्रिटिशांच्या हाँगकाँगमध्ये आणि पडलं इंडोनेशियाजवळ. चार देश, कुणाचा कुणावर विश्वास नाही. नेहरूंनी पाठवलं ते काव यांना, तेव्हा ते आयबीत होते, सदतिशीतले. त्यांना सगळ्यांशी बोलायचं होतं, चौ एन लायना भेटायचं होतं, ब्रिटिश पोलिसांकडून कागद काढायचे होते आणि एकाचं दुसऱ्याला न सांगता काम पुढे न्यायचं होतं. समुद्रातून वर काढलेल्या सांगाड्यात टाइम बाँबच्या यंत्राचे तुकडे मिळाले, त्यावरून माग निघत निघत हाँगकाँगच्या विमानतळावर विमानांची साफसफाई करणाऱ्या एका माणसापर्यंत गेला. तो तोवर तैवानला पळाला होता, तिथून कुणी त्याला परत दिलं नाही. म्हणजे गुन्हा उलगडला पण गुन्हेगार हाताला लागला नाही.

मला नेहमी वाटतं की रॉ चं जे वळण आहे ते तिथेच पडलं. बंदूक नाही काही नाही. गंजलेला तुकडा, विमानाच्या देखभालीची नोंदवही, कोण किती वाजता ड्यूटीवर होता, आणि समोरच्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा असं वागणं. काव यांनी नंतर आफ्रिकेत घाना देशाला त्यांचं परदेशी गुप्तचर खातं उभं करून दिलं, तिथले नेते एनक्रुमा यांच्या विनंतीवरून, म्हणजे स्वतःच्या देशात असं खातं निघायच्या दहा वर्षं आधी. हे किती लोकांना माहीत आहे?

रोखठोक_सोलापूर

सगळं लिहिलं पण मोरारजींनी रॉ ची वाट लावली ते कुणी लिहीत नाही. पाकिस्तानच्या झिया उल हकला फोनवर सांगून टाकलं की तुमच्या कहुताच्या अणुप्रकल्पाचं आम्हाला सगळं कळलंय, आणि तिथली आपली माणसं गेली. एवढी वर्षं मेहनत करून उभं केलेलं एका फोनवर घालवलं. राग येतो वाचून.

जुनी_पानं

रोखठोक, राग मीही समजू शकतो पण जरा सांभाळून. तो फोन रॉ मध्येच आयुष्य काढलेल्या बी. रामन यांनी आपल्या आठवणींत लिहिलाय, तेव्हा हवेतली गोष्ट नाही. पण किती माणसं गेली, न्हाव्याकडून कुणी केस गोळा केले, कुणाला कसं मारलं हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते दर वर्षी लांबत चाललंय, ते मी कुणाला सांगणार नाही.

जे नक्की झालं ते पुरेसं वाईट आहे. आणीबाणीत रॉ देशातल्या विरोधकांवर वापरली असा जनता पक्षाच्या नेत्यांचा पक्का समज होता. काव यांनी शेवटपर्यंत ते नाकारलं. पण बघा, खातं एकाच माणसाच्या हाताखाली ठेवलं की त्या माणसावरचा राग खात्यावर निघणारच, इथे मृण्मयीताईंच्या सासऱ्यांचा मुद्दा पुन्हा येतो. ७७ ला मोरारजी आले, काव गेले, नायर प्रमुख झाले पण त्या पदाचा दर्जा खाली आणला म्हणून थोड्याच महिन्यांत तेही गेले. पैसे कापले, माणसं कमी केली. नौशेर सनटूक आले, त्यांनी गुपचूप डोकं खाली घालून खातं जगवलं, त्यांच्याबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नाही. परदेशातली ओळख ही बांधावरच्या झाडासारखी असते हो, लावलेल्याला फळ दिसत नाही आणि एकदा तोडलं की पुढच्या पिढीला सावली पण नाही.

आणि हेच खातं सहा वर्षं आधी काय करून बसलं होतं ते आठवा. ७१ ला मुक्तिबाहिनीच्या ट्रेनिंगमध्ये यांचा हात, चकराता इथे ६२ ला उभी केलेली तिबेटी जवानांची स्पेशल फ्रंटिअर फोर्स चितगावच्या डोंगरात उतरली ती काव यांच्या देखरेखीत. नायर यांनी स्वतःच्या आठवणींत मुंबईची एक गोष्ट सांगितलीय, मुंबईहून कराचीमार्गे आखातात जाणाऱ्या बोटीवरच्या एका पारशी डॉक्टरला विश्वासात घेऊन नौदलाची माणसं त्या बोटीवरून कराची बंदराचे फोटो काढून आली. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या निर्घात, निपात आणि वीर या मिसाइल बोटींनी कराचीवर जो हल्ला केला तो सगळ्यांना माहितीय, डॉक्टर कुणाला माहीत नाही.

माजी_सिग्नल

राम राम. मी २४ वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनात, काढलीत, रॉ मध्ये कधी नव्हतो, पण ९९ ला वर होतो तेव्हा दोन शब्द लिहितो.

जुनी_पानं यांनी ६५ चा गुराखी सांगितला, तो वाचून अंगावर काटा आला, कारण कारगिलला पण तेच. ३ मे १९९९, बटालिक भागातल्या गारकोन गावचा ताशी नामग्याल आपला हरवलेला याक शोधायला वर गेला, दुर्बिणीतून बघितलं तर बंकर खणताना माणसं दिसली, त्याने येऊन आपल्या जवानांना सांगितलं. ६५ ते ९९ म्हणजे ३४ वर्षं. मधे रॉ निघाली, विमानं आली, उपग्रह आले, आणि खबर पुन्हा जनावरामागे गेलेल्या माणसानेच आणली. माझ्या ओळखीची पोरं त्या उन्हाळ्यात गेलीत, त्यामुळे मी हे शांतपणे लिहू शकत नाही, माफ करा.

पण सगळा दोष रॉ चा असं म्हणणारा मी नाही. के. सुब्रह्मण्यम यांची कारगिल समिती नेमली होती, तिचा अहवाल २००० मध्ये संसदेत ठेवला, भाच्याला तो वाचायला सांगा, सिनेमा राहू दे. त्यात आहे की जून १९९८ मध्ये आयबीने समोरच्या बाजूच्या हालचालींबद्दल वर कळवलं होतं, पंतप्रधान, गृहमंत्री, मोठे सचिव, लष्कराचं ऑपरेशन बघणारे, पण ते पत्र रॉ च्या प्रमुखाला गेलं नाही आणि सगळ्यांची माहिती एकत्र करून बघणाऱ्या जॉइंट इंटेलिजन्स कमिटीला पण नाही. आणि त्याच वर्षी रॉ च्या एका अहवालात पाकिस्तान मर्यादित झटपट हल्ला करू शकेल असं होतं, पुढच्या अहवालात मात्र त्यांची आर्थिक अवस्था बघता युद्ध शक्य नाही असं आलं. म्हणजे बघा, एक तुकडा याच्या कपाटात, एक त्याच्या. दोन तुकडे एका टेबलावर आलेच नाहीत. आपण रेडिओवर पण हेच शिकतो, मेसेज पकडणं एक आणि तो वेळेत योग्य माणसाच्या हातात पडणं वेगळं, दुसरं झालं नाही तर पहिलं केलं काय न केलं काय.

चांगलं काम पण झालं. पाकिस्तानचे लष्करप्रमुख मुशर्रफ मे अखेरीला बीजिंगला होते, त्यांचं आणि रावळपिंडीतल्या जनरल अझीझचं फोनवरचं बोलणं रॉ ने पकडलं, त्यात स्पष्ट होतं की हे मुजाहिद वगैरे काही नाही, पाकिस्तानी फौजच आहे. ११ जूनला सरकारने त्या टेप जगापुढे ठेवल्या. आपल्याला राजनैतिक फायदा झाला यात वाद नाही. पण सिग्नलवाला म्हणून मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की ती लाइन आपण ऐकतोय हे समोरच्याला त्याच दिवशी कळलं. असा कान उघडायला वर्षं लागतात. रामन यांनीही याच्यावर नाराजी लिहिलीय. तो निर्णय खात्याचा नव्हता, वरचा होता.

भाऊसाहेब_वकील

मृण्मयीताईंचा तिसरा प्रश्न राहिलाय, उत्तर कुणाला देतात. मी लातूरला वकिली करतो, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

रॉ कुठल्याही कायद्याने जन्माला आलेली नाही. संसदेत बिल आलं, चर्चा झाली, खातं निघालं असं काही झालंच नाही, सरकारच्या अंतर्गत आदेशाने झालेली ती कॅबिनेट सेक्रेटरिएटची एक विंग आहे, म्हणून प्रमुखाला पण सेक्रेटरी रिसर्च म्हणतात. अमेरिकेत सीआयए १९४७ च्या कायद्याने आली. ब्रिटनचं एमआय सिक्स १९०९ पासून होतं पण कायद्यात यायला १९९४ उजाडलं, म्हणजे ८५ वर्षं लावली पण केलं. आपल्याकडे अजून नाही. २०११ मध्ये मनीष तिवारींनी खासगी विधेयक आणलं होतं, गुप्तचर संस्थांना कायद्याची चौकट आणि देखरेखीची व्यवस्था द्या म्हणून, ते पुढे गेलं नाही.

कायद्यात रॉ चं नाव येतं ते कुठे, तर १९८५ च्या एका कायद्यात, तिथल्या कर्मचाऱ्यांना संघटना करता येणार नाही, पेपरवाल्यांशी बोलता येणार नाही असं सांगायला. आणि माहिती अधिकाराच्या कलम २४ मध्ये, हा कायदा यांना लागू नाही असं सांगायला, फक्त भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप तेवढे सोडलेत. म्हणजे खात्याची जबाबदारी काय आणि मर्यादा काय, हे लिहिलेला एकही कायदा नाही. संसदेची समिती यांच्याकडे बघत नाही.

कुणी म्हणेल गुप्त खातं आहे, त्याला कायदा कशाला. मी उलट म्हणतो. ७७ ला जे झालं ते कायदा असता तर इतकं सहज झालं नसतं, पंतप्रधान बदलला की खात्याचा हात पाय कापता आला नसता. कायदा नागरिकाला खात्यापासून वाचवतो तसा खात्याला पण सरकारच्या मर्जीपासून वाचवतो. तिथे काम करणाऱ्या माणसाला उद्या कुणी तोंडी हुकूम दिला, हे देशातलं काम आहे पण कर, तर नाही म्हणायला त्याच्या हातात कागद कुठला आहे?

जुनी_पानं

वकीलसाहेब, शंभर टक्के. फक्त एक भर घालतो. कायदा झाला, पैसा मिळाला, सगळं झालं तरी ऐकणारा लागतो. काव स्वतः डिसेंबर १९७४ मध्ये ढाक्याला जाऊन बांगलादेशचे नेते शेख मुजीब यांना सांगून आले होते की तुमच्याच फौजेतली काही माणसं तुमच्या जिवावर उठलीत. मुजीबना ते पटलं नाही, आपलीच पोरं आहेत, ती काही करणार नाहीत म्हणाले. १५ ऑगस्ट १९७५ ला जवळजवळ सगळं कुटुंब मारलं. ही गोष्ट काव यांनीच नंतर लिहिली. खात्याने अचूक माहिती आणली, वेळेत आणली, प्रमुख स्वतः घेऊन गेला, आणि तरीही. हे वाचलं की माझं पुढचं वाचन त्या दिवशी होत नाही.

अभ्यासिका_अमरावती

ताई, भाच्याच्या क्लासबद्दल लिहिते, कारण माझ्याकडे अशी दोन मुलं दर वर्षी येतात. रॉ मध्ये जायला अशी कुठली वेगळी परीक्षाच नसते हो, त्यामुळे तिची बॅच पण असू शकत नाही. फी परत मागा, आजच मागा, लेखी मागा.

खरे रस्ते सांगते. रॉ चं स्वतःचं केडर आहे, रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस सर्व्हिस, १९७१ चं. त्यात किंवा डेप्युटेशनवर जे अधिकारी जातात ते आधीच सिव्हिल सर्व्हिसमधून निवडलेले असतात, आयपीएस असतात, रेव्हेन्यूचे असतात, फौजेतले असतात. तिथे अर्ज करत नाहीत, तिथून बोलावणं येतं. इंजिनिअर मुलांसाठी एक दार आहे, कॅबिनेट सेक्रेटरिएटच्या नावाने तांत्रिक पदांच्या जाहिराती रोजगार समाचारमध्ये येतात, गेट या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या मार्कांवर निवड होते, जाहिरातीत रॉ हा शब्द कुठेही नसतो. तेव्हा पंचेचाळीस हजारात गेटची तयारी होईल आणि वर पैसे उरतील. आणि भाषा शिकायला सांगा, इंग्रजी सोडून. चिनी, पश्तू, बर्मी, सिंहली, जी मन लावून शिकेल ती. दिवसभराचं काम म्हणाल तर बहुतेकांचं ते वाचायचंच काम आहे, परक्या देशाचे पेपर, रेडिओ, पकडलेले संदेश, वकिलातीतून आलेली टिपणं, आणि त्यावरून वरच्याला तीन परिच्छेदात सांगायचं की पुढे काय होईल. चुकलं तर सगळे बोलणार, बरोबर आलं तर कुणाला कळणार नाही.

अजून एक त्याला आत्ताच सांगून ठेवा. यांच्या सेवानियमांत, १९७५ चे आहेत, १३५ नंबरचा नियम आहे. अधिकाऱ्याची गुप्तचर म्हणून ओळख उघड झाली तर सक्तीने घरी पाठवता येतं. त्याची चूक असो नसो. ज्या मुलाने क्लास लावला ते सगळ्या वर्गाला सांगून झालंय, त्याने यावर जरूर विचार करावा, मी रागाने बोलत नाहीये, काळजीने बोलतेय.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचलं, सासरे, नवरा, भाचा सगळे बसले होते. मोहम्मद दीन आणि ताशी नामग्याल यांचं वाचताना सासरे म्हणाले थांब, ते नाव परत वाच. परत वाचलं. पोस्टात ६५ ला ते नुकते लागले होते, तेव्हा फौजी पत्ते असलेली पाकिटं कशी यायची ते सांगत बसले बराच वेळ, मग स्वतःच म्हणाले की माझा मुद्दा अर्धाच होता. नवऱ्याने पण मान्य केलं की थेट पंतप्रधानांच्या हाताखाली ठेवल्याचं त्याला माहीत नव्हतं.

भाचा १३५ नंबरच्या नियमावर जरा गप्प झाला. आज सकाळी क्लासला मेल केलाय त्याने, बघू देतात का पैसे. कारगिल समितीचा अहवाल मोबाइलवर उतरवून घेतलाय आणि विचारत होता की पुण्यात चिनी कुठे शिकवतात, कुणाला माहीत असेल तर सांगा.

कालिना_कॉलनी दादा, कर्णिकांनी त्या अपघातावर पुस्तक लिहिलंय असं नवऱ्याला आठवतंय, खरं आहे का? जुन्या बाजारात कुठे मिळेल? सासऱ्यांना वाचायचंय, अक्षर बारीक असलं तर मी वाचून दाखवेन.

कालिना_कॉलनी

खरं आहे, इंग्रजीत आहे, ५८ च्या सुमारास आलेलं. माझ्याकडे वडिलांची प्रत आहे, पानं पिवळी पडलीत पण शाबूत आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, झेरॉक्स काढून नाशिकला पाठवतो. पोस्टानेच पाठवतो.